'अँग्री' सोडून: रागाला इंग्लिशमध्ये कुठे काय म्हणायचं

बॉस व्हेरी अँग्री, बायको व्हेरी अँग्री, क्लायंट व्हेरी व्हेरी अँग्री. मराठी मीडियममधून आलेल्या आपल्यासारख्या बऱ्याच जणांचं इंग्लिशमधलं रागाचं भांडवल इथेच संपतं, फार तर जास्त राग दाखवायचा असेल तर अजून एक व्हेरी. आणि हीच माणसं मराठीत सुरू झाली की चिडला, भडकला, उखडला, वैतागला, कावला, पिसाळला, रुसला, फुगला, फणफणला, तणतणला, वसकन अंगावर आला, थांबतच नाहीत. म्हणजे रागाच्या छटा आपल्याला कळत नाहीत असं अजिबात नाहीये, चांगल्या कळतात, फक्त इंग्लिश लिहायला बसलो की का कुणास ठाऊक सगळ्यांचं एकच अँग्री होऊन जातं. म्हणून माझी युक्ती साधी आहे, आधी मराठीत नेमकं क्रियापद ठरवा आणि मग त्याला इंग्लिश शब्द शोधा. उलटीकडून गेलात, म्हणजे अँग्री टाइप करून सिनॉनिम्स बघत बसलात, तर फसायची शक्यता जास्त.

का फसाल ते सांगतो. वर्डमध्ये अँग्रीवर राइट क्लिक केलं की क्रॉस, मॅड, आयरेट, लिव्हिड, फ्युरियस अशी सगळी मंडळी एका रांगेत उभी राहतात, जणू कुठलाही उचला, चालतंय. लवंगी आणि ढोबळी दोन्ही मिरच्याच, पण भाजीवाल्याकडे नुसतं मिरची द्या म्हणून कसं चालेल. थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, ज्याच्या नावाने ओळखला जातो तो रॉजेट हा लंडनमध्ये जन्मलेला डॉक्टर होता, त्याने १८०५ मध्ये स्वतःच्या वापरासाठी शब्दांच्या याद्या करून ठेवल्या आणि पुस्तक छापलं ते थेट १८५२ मध्ये. त्यात शब्दांचे अर्थ दिलेलेच नव्हते, फक्त कल्पनेप्रमाणे गट केलेले. कारण हिशोब असा होता की वाचणाऱ्याला हे शब्द आधीपासून माहीत आहेत, ऐनवेळी आठवत नाहीयेत इतकंच. आपली केस वेगळी आहे ना, आपल्याला शब्द दिसतो पण तो कुठल्या घरात राहतो ते माहीत नसतं.

शब्दांकडे जायच्या आधी दोन चुका

पहिली चूक म्हणजे 'अँग्री ऑन मी'. मराठीत राग कोणावर तरी असतो, माझ्यावर रागावली, तुझ्यावर चिडलाय, म्हणून आपण बिनधास्त ऑन लावतो. इंग्लिशमध्ये माणूस असेल तर अँग्री विथ किंवा अँग्री ॲट, आणि गोष्ट असेल तर अँग्री अबाउट किंवा ओव्हर. शी इज अँग्री विथ मी अबाउट द बिल. विथ आणि ॲट यात फार डोकं लावू नका, ॲटमध्ये राग समोरच्यावर नेम धरून फेकल्यासारखा जरा जास्त वाटतो, पण दोन्ही चालतात. हे विथ-ॲटचं गणित ॲनॉइड, फ्युरियस, लिव्हिड सगळीकडे बऱ्यापैकी तसंच चालतं, मॅडला मात्र ॲटच लावा, कारण मॅड अबाउट म्हणजे बऱ्याचदा एखाद्या गोष्टीचं वेड. मॅड ॲट क्रिकेट आणि मॅड अबाउट क्रिकेट यात एक माणूस टीव्ही फोडेल आणि दुसरा टीव्हीसमोरून हलणार नाही.

दुसरी चूक जास्त लपलेली आहे. 'आई मला रागावली' हे वाक्य घ्या. यात आईला राग आला हे दुय्यम आहे, मुख्य म्हणजे ती बोलली, ओरडली, कानउघाडणी केली. पण आपण लिहितो मदर गॉट अँग्री. वाचणाऱ्याला वाटतं आई नुसती रागात होती, बोलली की नाही माहीत नाही. इथे अँग्रीच्या खानदानातला शब्द मुळात नकोच, इथे स्कोल्डेड किंवा रोजच्या ब्रिटिश बोलण्यात टोल्ड मी ऑफ. तसंच डाफरला, खेकसला, वसकन बोलला याला स्नॅप्ड ॲट मी. मराठीत राग आणि रागाचं बोलणं एकाच क्रियापदात मावतं, इंग्लिशमध्ये बऱ्याचदा वेगळं करावं लागतं, त्यामुळे आधी स्वतःला विचारा, मला भावना सांगायचीय का त्याने काय केलं ते सांगायचंय. निम्म्या वेळा उत्तर दुसरं येतं.

किती राग

हा सगळ्यात सोपा भाग आहे आणि बरेचसे लोक एवढाच बघतात. तळाशी ॲनॉइड, म्हणजे जरा वैताग आला, डोकं सटकलेलं नाही. शेजाऱ्याने पार्किंगमध्ये स्कूटर तिरकी लावली, ॲनॉइड. त्याच्या आसपास इरिटेटेड, पण त्यात सतत टोचत राहण्याचा भाव आहे, एखादा आवाज, एखाद्याची सवय, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग. कातडीला खाज सुटून लाल होते त्यालापण डॉक्टर इरिटेशनच म्हणतात, ते लक्षात ठेवलं की हा शब्द चुकत नाही. आणि आपल्याकडे जे चालतं ना, 'ही इज सो इरिटेटिंग' म्हणायचं आणि अर्थ घ्यायचा की तो वैतागलाय, ते बरोबर उलटं आहे. इरिटेटिंग म्हणजे जो दुसऱ्याच्या डोक्यात जातो तो. वैतागलेला तो इरिटेटेड. आणि ज्याचा स्वभाव किंवा आजचा मूडच असा आहे की काहीही बोललं तरी चिडचिड, तो इरिटेबल. तीन शब्द, तीन वेगळी माणसं, आणि ऑफिसच्या मेलमध्ये पहिला चुकून स्वतःला लावलात तर लोक गालातल्या गालात हसतील.

मध्ये अँग्री बसतो. वर गेलात की फ्युरियस, एन्रेज्ड, लिव्हिड. इथे एक बारकी गोष्ट आहे जी शाळेत कोणी सांगत नाही, या वरच्या शब्दांमध्ये 'खूप' आधीच भरलेलं असतं, त्यामुळे व्हेरी फ्युरियस, व्हेरी लिव्हिड हे कानाला खटकतं, 'अतिशय लालबुंद' म्हटल्यासारखं. जोर द्यायचाच असेल तर ॲब्सोल्युटली फ्युरियस म्हणा. फ्युरियसच्या मागे रोमन लोकांच्या सूड घेणाऱ्या देवता आहेत, फ्युरीज, त्यामुळे त्यात वादळासारखा जोर आहे आणि वादळालापण फ्युरी म्हणतातच. लिव्हिड मला फार आवडतो कारण तो मुळात रंग आहे, लॅटिनमध्ये लिव्हिडस म्हणजे मुका मार लागल्यावर येतो तसला निळसर काळपट. म्हणजे आपला काळानिळा. बऱ्याच जणांना लिव्हिड म्हणजे लाल वाटतं, बहुतेक आपण रागाला लाल समजतो म्हणून, पण मूळ लाल नाहीये. बोलताना लिव्हिड सर्रास चालतो, तळपायाची आग मस्तकात गेली या लेव्हलला, फक्त सरकारी अर्जात वापरू नका.

कोण कोणावर रागावलंय

इथे खरी मजा आहे आणि इथेच थिसॉरस काही मदत करत नाही. काही शब्द वरून खालीच जातात. डिसप्लीज्ड घ्या. हा साहेबांचा राग आहे, जजचा, मुख्याध्यापकांचा, राजाचा. आपल्याकडे याला अगदी फिट बसणारा शब्द आहे, खप्पा मर्जी. महाराजांची खप्पा मर्जी झाली म्हणजे महाराज आदळआपट करत नाहीत, नुसती भुवई उचलतात आणि पुढे तुमचं काय व्हायचं ते होतं. डिसप्लीज्ड तसा आहे, आवाज कमी आणि परिणाम जास्त. ज्युनिअर माणसाने मॅनेजरबद्दल 'आय ॲम डिसप्लीज्ड विथ यू' लिहिलं तर राग दिसत नाही, स्वतःला कोण समजतो हा, एवढंच दिसतं.

उलट डिसग्रन्टल्ड खालून वर जातो. नाराज आमदार, नाराज कार्यकर्ते, प्रमोशन हुकलेला क्लार्क. यात राग ताजा नसतो, बरेच दिवसांची धुसफूस असते, आपल्याला डावललं ही भावना असते. तिकीटवाटप झालं की आपल्या मराठी पेपरात नाराजीनाट्य येतं आणि त्याच दिवशी इंग्लिश पेपरात डिसग्रन्टल्ड लीडर्स येतात, शेजारी शेजारी ठेवून वाचा, क्लासपेक्षा जास्त शिकाल.

आयरेट हा जवळजवळ फक्त पेपरातला आणि कस्टमर केअरमधला शब्द. आयरेट कस्टमर, आयरेट पॅसेंजर्स, आयरेट मॉब. संतप्त जमावाने रास्ता रोको केला, यातला जो संतप्त, तो हा. जसं घरी कोणी 'अगं मी आज फार संतप्त आहे' असं म्हणत नाही तसंच कोणी आय ॲम आयरेट म्हणत नाही, म्हटलं तर विनोद होतो.

क्रॉस हा घरातला, आणि ब्रिटिश. आई लहान मुलाला म्हणते डोन्ट मेक मी क्रॉस, मूल विचारतं आर यू क्रॉस विथ मी. रागावलीस का गं माझ्यावर, हा त्याचा सूर. अमेरिकेत फारसा ऐकू येत नाही आणि कंपनीच्या मेलमध्ये तर एकदम बालवाडी वाटते. आणि रॅथ म्हणजे देवाचा, निसर्गाचा, पुराणातला कोप. देवीचा कोप झाला, तो रॅथ. ब्रिटिश लोक रॉथ म्हणतात. षड्रिपूंमधल्या क्रोधाला जोड शोधत असाल तर ख्रिश्चन परंपरेत जी सात महापापं मानतात त्यांच्यात हाच शब्द येतो. घरच्या भांडणाला मात्र गंमत म्हणून वापरला तरच.

बाहेर दिसतोय की आत चाललाय

फणफणत आला, तणतणत गेला, दारं आपटली, हे दिसणारं. याला फ्युमिंग. आणि वरून शांत, जेवणाच्या ताटावर मुकाट बसलाय पण आतून जळतोय, ते सीदिंग. आता यात एक गमतीशीर घोटाळा आहे. फ्यूम म्हणजे धूर, लॅटिन फ्युमस, आणि तो आपल्या संस्कृत धूमचा लांबचा भाऊ. त्यामुळे साहजिक वाटतं की फ्युमिंग म्हणजे धुमसणं. पण आपलं धुमसणं आतल्या आत असतं, ज्वाळा नाही नुसता धूर, आणि इंग्लिशमधलं फ्युमिंग मात्र नाकातोंडातून बाहेर पडताना दिसतं. धुमसण्याला सीदिंग जास्त जवळचा, जरी सीदचा मूळ अर्थ उकळणे असला तरी. नातं जुळलं म्हणून वागणं जुळेल असं नाही, नातेवाइकांबाबतीतपण हेच.

मग राग जुना झाला की काय होतं, त्याला रिझेंटमेंट. अढी, आकस, डूख, सल. हे सगळं आपण हेट किंवा अँग्रीमध्ये ढकलतो. रिझेंट हे क्रियापद शिकून घ्या, खूप कामाचं आहे आणि त्याला मराठीत खुपणे हा चपखल शब्द आहे. धाकट्याला रस्त्याकडची जमीन गेली हे त्याला अजून खुपतं, ही स्टिल रिझेंट्स इट. आपल्यापेक्षा लहान माणसाने शिकवलेलं खुपतं, ही रिझेंट्स बीइंग टॉट बाय अ ज्युनिअर. बघा, अँग्री घालून हे वाक्य होतच नाही, कारण तो आत्ता रागात नाहीये, जेवतोय, हसतोय, सगळं चालू आहे, फक्त खुपतंय. डूख धरलाय आणि कधीतरी उट्टं काढणार असं असेल तर होल्ड अ ग्रज.

रुसणं मात्र इंग्लिशमध्ये नेताना हाल होतात. डिक्शनरी सल्क देते. पण सल्कमध्ये बोलणाऱ्याची नापसंती आहे, काय तोंड फुगवून बसलाय, असा. म्हणजे तो फुगणे किंवा फुरंगटणे याच्या जवळ जातो. रुसण्यात हक्क असतो, कोणीतरी येऊन मनधरणी करणार ही खात्री असते, लग्नात विहीणबाई रुसतात आणि पहिल्या दिवाळसणाला जावई रुसतो ते काही खरं चिडून नाही. तिथे विहीणबाईंना सल्किंग म्हटलंत आणि त्यांच्या इंग्लिश कळणाऱ्या भाचीने ऐकलं तर खरोखरचं भांडण लागेल. अशा वेळी सरळ वाक्य लिहा, शी इज वेटिंग टू बी कोक्स्ड, म्हणजे कोणी मनधरणी करेल याची वाट बघतेय, वगैरे, एका शब्दाचा हट्ट सोडा. त्राग्याचंही तसंच. स्वतःला त्रास करून घेऊन समोरच्याला शरमवायचं, मी जेवतच नाही जा, असला राग. पूर्वी वसुलीसाठी किंवा निषेध म्हणून लोक खरोखर स्वतःला इजा करून घेत त्याला त्रागा म्हणत, आता तो ताटावरून उठण्यापुरता उरलाय. इंग्लिशमध्ये याला एक शब्द शोधत बसू नका. थयथयाट, आकांडतांडव, आदळआपट याला मात्र टँट्रम अगदी बरोबर बसतो, मुलांनाही आणि मोठ्यांनाही, फक्त मोठ्यांना लावला की तो टोमणा होतो.

राग रास्त आहे का

शब्द निवडताना आपण नकळत निकालही देत असतो, हे बरेच जण विसरतात. इन्डिग्नंट म्हणजे अन्यायाची किंवा अपमानाची चीड, यात डिग्निटीचंच मूळ आहे. सात्त्विक संताप म्हणतो ना आपण, तो. सगळं आयुष्य वेळेवर बिलं भरणाऱ्या आजोबांना काउंटरवरच्या पोराने सगळ्यांसमोर चोर असल्यासारखं बोललं, तर आजोबा इन्डिग्नंट. नुसते अँग्री लिहिलं तर वाचणारा विचारेल का, काय झालं, इन्डिग्नंट लिहिलं की कळतं यांच्या मानाला धक्का लागलाय. मात्र सूर बघा, कधीकधी लिहिणारा जरा हसत हसत पण हा शब्द वापरतो, काय एवढं मनावर घ्यायचं, अशा अर्थाने.

हाच राग सगळ्या गावाला आला की आउटरेज, जनक्षोभ. आउटरेज म्हणजे बाहेर आलेला रेज असं वाटतं पण तसं नाहीये, तो जुन्या फ्रेंचमधून आलाय, मुळात लॅटिन अल्ट्रा, म्हणजे हद्दीच्या पलीकडचं. त्यामुळे संतापालाही आउटरेज म्हणतात आणि ज्या कृत्यामुळे संताप आला त्यालाही. आणि कोर्टाच्या कागदात आउटरेजिंग द मॉडेस्टी दिसलं तर तिथे रागाचा काही संबंध नाही, तो विनयभंग, पूर्वीचं आयपीसी कलम ३५४, आता भारतीय न्याय संहितेत ७४. तिथे भाषांतर करताना संताप वगैरे लिहू नका.

आणि ज्या रागाला आपण भाव देत नाही, काय पोरकटपणा आहे म्हणतो, त्यासाठी वेगळी फौज आहे. पेट्युलंट म्हणजे लहान पोरासारखी चिडचिड, इन अ हफ म्हणजे फणकाऱ्याने, मिफ्ड म्हणजे जरासं लागलंय त्याला बोलणं. तुमची बाजू मांडताना स्वतःला इन्डिग्नंट आणि समोरच्याला पेट्युलंट म्हणायचं, ही जुनी युक्ती आहे, अग्रलेख लिहिणाऱ्यांना तोंडपाठ.

ऑफिसात काय लिहायचं

यावर जरा जास्त बोलतो कारण पोट यावर आहे. ऑफिसच्या मेलमध्ये अँग्री जवळजवळ कधीच लिहू नका. चूक म्हणून नाही, पण त्याने तुमच्या हातातलं कार्ड जातं. समजा एका व्हेंडरने पार्ट पाठवायची तारीख तिसऱ्यांदा हुकवलीय. मनात जे आहे ते मराठीत असं, 'अरे किती वेळा सांगायचं, हात टेकले आता तुमच्यापुढे'. लगेच कळतं की हा नुसता राग नाहीये, वारंवार तेच होऊन आलेला वैताग आहे. हात टेकणे म्हणजे एक्झास्परेटेड, कातावून जाणे. हा शब्द मनात पकडा, पण मेलमध्ये टाकू नका, कारण त्यात तुम्ही थकलात हे दिसतं आणि व्हेंडर खूश. मग फ्रस्ट्रेटेड? आपल्याकडे फ्रस्ट्रेट झालोय राव म्हणजे आयुष्याला कंटाळलोय इथपर्यंत अर्थ गेलाय, इंग्लिशमध्ये त्याचा मूळ रोख अडथळ्यावर असतो, काम करायचंय पण होऊ देत नाहीयेत. वी आर फ्रस्ट्रेटेड बाय द रिपीटेड डिलेज, हे चालतं, कारण राग माणसावर नाही, उशिरावर आहे. त्याच्या एक पायरी वर डिसअपॉइंटेड. ऐकायला मवाळ वाटतो, आपल्याला वाटतं निराश झालो म्हणजे रडतोय की काय, पण ब्रिटिश पद्धतीच्या मेलमध्ये आय ॲम डिसअपॉइंटेड टू लर्न असं सुरू झालं की समजा काहीतरी जड येतंय. कन्सर्न्ड त्याहून मवाळ दिसतो आणि क्लायंटने दोनदा लिहिला की मॅनेजर लोक मीटिंग लावतात. आणि शेवटी भावना पूर्ण काढून टाकून नुसतं दिस इज नॉट ॲक्सेप्टेबल. इथे राग कोणाला आला हेच वाक्यात नाही, आणि म्हणूनच ते सगळ्यात कडक आहे. मेलचा शेवट तारीख मागून करा, शब्दाने काम होत नाही, तारखेने होतं.

अपसेटबद्दल सावध. यात राग आणि दुःख दोन्ही मिसळलेलं आहे, मन दुखावलंय, लागलंय. मैत्रिणीने वाढदिवसाला फोन केला नाही, अपसेट. तसं बघितलं तर अँगरचंच मूळ जुन्या नॉर्समधलं आंगर, त्याचा अर्थ दुःख, त्रास, आणि संस्कृतमधला अंहस् त्याच कुळातला धरतात. म्हणजे राग आणि दुःख शेजारी राहणं जुनंच आहे. पण बॉसला 'क्लायंट इज अपसेट' सांगितलंत तर बॉसला कळत नाही क्लायंट रुसलाय का केस टाकणार आहे, तिथे अनहॅपी असं गोलमाल करण्यापेक्षा काय म्हणाला ते शब्द सांगा.

एका एसटीत सगळे

सरावासाठी असा एक प्रसंग घ्या. दुपारची एसटी, गर्दी, स्टँडवरून सुटायची वेळ होऊन गेलीय. एका प्रवाशाने बावीस रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट काढली, आणि कंडक्टर सकाळपासून सुट्टे द्या सुट्टे द्या ओरडून दमलाय. कंडक्टर एक्झास्परेटेड, हात टेकलेला. प्रवाशाला सगळ्यांसमोर 'बँक आहे का इथे' असं ऐकावं लागलं, तो इन्डिग्नंट, पैसे तर देतोय ना मी. खिडकीपाशी एक पोरगं उन्हाने आणि भुकेने किरकिर करतंय, ते क्रँकी, हवं तर हॅंग्री म्हणा, भूक आणि राग जोडून केलेला हा शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत २०१८ मध्ये घेतलाय. त्याची आई आधी ॲनॉइड होती, पोराने पाण्याची बाटली सांडल्यावर स्नॅप्ड ॲट हिम. ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवत पुटपुटतोय, फ्युमिंग. मागच्या सीटवर एक गृहस्थ नेहमीच असे असतात, तिरसट, कोणी सरकून बसा म्हटलं तरी कपाळाला आठी, ते ग्रम्पी, आणि हा राग नव्हे, स्वभाव. आणि ज्याला खिडकी मिळणार होती पण मधल्या स्टॉपवर दुसऱ्याने रुमाल टाकून बळकावली, तो अजून गप्प बसून सीदिंग. आता या सगळ्यांना अँग्री लावून वाचून बघा, गाडीत एकच माणूस सातदा बसलाय असं वाटेल.

स्वभावाचं निघालंय तर, 'ही इज शॉर्ट टेम्पर' नका लिहू, शॉर्ट-टेम्पर्ड. टेम्पर ही वस्तू आहे, ती हरवते, ही लॉस्ट हिज टेम्पर, माणूस स्वतः टेम्पर नसतो.

देश बघून बोला

मॅड अमेरिकेत सरळ रागावलेला, ब्रिटनमध्ये आधी वेडा आणि मग बोलण्याबोलण्यात रागावलेला. जर्सी सिटीत राहणारा चुलतभाऊ माय वाइफ इज मॅड म्हणाला तर काळजी नको, फक्त भांडण झालंय. पिस्ड तर आणखी घोटाळ्याचा, अमेरिकेत चिडलेला, ब्रिटनमध्ये टल्ली. ब्रिटनमध्ये चिडण्यासाठी पिस्ड ऑफ लागतं. दोन्हीकडे तो असभ्यच आहे, तेव्हा दोस्तांत बोला, मेलमध्ये नको, सासऱ्यांसमोर तर नकोच.

शब्द पक्का कसा करायचा

एवढं सगळं करूनही शंका राहिली तर थिसॉरस नको, लर्नर्स डिक्शनरी उघडा, ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स किंवा तसली दुसरी, नेटवर फुकट आहेत. त्यात शब्दापुढे फॉर्मल, इन्फॉर्मल, ब्रिटिश, नॉर्थ अमेरिकन असे शिक्के असतात, पुढे विथ येतं का ॲट येतं ते ठळक केलेलं असतं, आणि अँग्रीसारख्या शब्दाखाली जवळच्या शब्दांमधला फरक दोन-दोन ओळीत दिलेला असतो. ते शिक्के आधी वाचा, अर्थ नंतर.

मराठी बाजूने जायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश कोश, पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, दुसरी शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर सर्च करता येते. फणफणणे, चरफडणे, धुसफुसणे असलं काहीही टाका, त्याने प्रत्येकाला वेगवेगळं इंग्लिश द्यायचा प्रयत्न केलाय. इंग्लिश त्या काळचं आहे, तसंच उचलून मेलमध्ये टाकलंत तर व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिल्यासारखं होईल, पण छटा कुठली आहे ते बरोबर कळतं, आणि मग तिथून आजचा शब्द शोधायचा.

शेवटची तपासणी म्हणजे शब्दाची संगत. निवडलेला शब्द आणि ज्याच्याबद्दल लिहिताय तो माणूस, दोन्ही एकत्र अवतरणचिन्हात टाकून सर्च करा आणि पहिल्या पानावर कोण कोण येतं ते बघा. आयरेट कस्टमर टाकलं की ढिगाने येतील, आयरेट बेबी टाकलं की फार तर कुणीतरी गंमत केलेली असेल. तसं दिसलं तर शब्द बदला, बाळाला क्रँकी करा.